चिनी भाषेतलं मॅजिक: जुनी मासिकं, रूलबुकं आणि बाकीचा कागद कसा गोळा करायचा

मॅजिक द गॅदरिंग या कार्ड गेमची कार्डं गोळा करणारे आपल्याकडे आता बऱ्यापैकी आहेत, मुंबई पुणे बंगलोरला तर दुकानात बसून खेळणारेही आहेत. पण या गेमबद्दल चिनी भाषेत जे छापलं गेलं, म्हणजे मासिकं, गाईडबुकं, स्टार्टर डेकच्या डब्यातली नियमांची पुस्तिका, दुकानात लावायची पोस्टरं, टूर्नामेंटची पत्रकं, त्याच्या मागे लागणारे फार कमी. मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. कारण साधं आहे, बरीचशी कार्डं कंपनी केव्हाही परत छापू शकते, पत्रक परत कोण छापणार?

उदाहरण घ्या. पोर्टल थ्री किंगडम्स हा १९९९ चा सेट, म्हणजे एकत्र काढलेला कार्डांचा संच, तीन राज्यांच्या जुन्या चिनी कादंबरीवर बेतलेला, १८० कार्डं, कादंबरीतली लिउ बेई, त्साओ त्साओ, ग्वान यू ही पात्रं सगळी त्यात. हा सेट मुळात आशियासाठी काढलेला, चिनीच्या दोन्ही लिप्यांमधे (मेनलँड म्हणजे मुख्य चीनची सरलीकृत, तैवान हाँगकाँगची पारंपरिक) आणि जपानीत छापला, इंग्रजी प्रत फक्त ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडपुरती. २० ऑक्टोबर २००५ पर्यंत ही कार्डं व्हिंटेज आणि लेगसी या जुनी कार्डं चालणाऱ्या प्रकारच्या टूर्नामेंटमधे चालतच नव्हती, त्यामुळे तोवर भाव कोण देणार. मग परवानगी मिळाली आणि किमती भडकल्या. त्यातलं इंपीरियल सील हे कार्ड डबल मास्टर्स २०२२ या सेटमधे परत छापलं, इंपीरियल रिक्रूटर २०१८ ला मास्टर्स २५ या सेटमधे आलं, जुन्या प्रतीचा मान राहिला पण ज्याला फक्त खेळायचंय त्याची सोय झाली. आता त्याच सेटच्या डब्यातला चिनी कागद बघा. १९९९ मधे लोकांनी डबा फोडला, कार्डं घेतली, कागद फेकला. तो परत यायचा नाही. म्हणून हे सगळं.

आधी ठरवा काय गोळा करायचं

"चिनी मॅजिकचं सगळं" असं म्हणून सुरू केलंत तर वर्षभरात कंटाळून सोडाल. एक पट्टा पकडा. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने यातलं एक घ्यावं: तैवानमधला नव्वदीचा कागद (पारंपरिक लिपीतला पहिला सेट फोर्थ एडिशन, तिथून पुढचं), नाहीतर थ्री किंगडम्सशी संबंधित जे जे छापलं ते, नाहीतर मेनलँड चीनच्या गेमिंग मासिकांमधले मॅजिकवरचे लेख. तिसरा पट्टा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात रसाळ, कारण तिथे मासिक दुर्मिळ नसतं, लेख कुठल्या अंकात आहे ही माहिती दुर्मिळ असते. 'दाझोंग रुआनच्येन' हे मासिक १९९५ ते २०१६ चाललं, 'त्येनझ योउशी रुआनच्येन' १९९४ ते २०१२. मुख्य विषय कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम, पण १९९७ ला मायक्रोप्रोज या कंपनीने मॅजिकवर पीसी गेम काढला होता, त्यामुळे त्या काळातले अंक चाळणं हे पहिलं काम. मासिकाचे सगळे अंक एकदम घेऊ नका, आधी अनुक्रमणिकेचे फोटो मागा, मग एकेक अंक.

नाव बरोबर टाकलं तरच सापडतं

इंग्रजीत "चायनीज मॅजिक मॅगझिन" टाकून काही मिळत नाही, मिळालं तर जादूचे प्रयोग करणाऱ्यांची मासिकं मिळतात. गेमला मेनलँडमधे 'वान-झी-पाय' म्हणतात आणि तैवानमधे जुन्या काळी 'मोफा फेंगयुनहुई'. दोन्ही नावं वेगवेगळी शोधायची, एकावर भागत नाही, तैवानचा नव्वदीचा माल दुसऱ्याच नावाखाली पडलेला असतो.

अक्षरं कुठून आणायची? विकिपीडियावर गेमचं इंग्रजी पान उघडा, भाषांच्या यादीतून चिनी निवडा, वरचं शीर्षक कॉपी करा. चिनी विकिपीडियावर लिपी बदलायचा मेनू असतो, मेनलँड, हाँगकाँग, तैवान वगैरे, तो बदलून तेच नाव दोन्ही लिप्यांमधे घेऊन फोनच्या नोट्समधे सेव्ह करून ठेवा. तसंच प्रत्येक सेटचं आणि आवडत्या कार्डांचं चिनी नाव पण काढून ठेवा, कार्डांचं नाव स्क्रायफॉल या कार्डांच्या साइटवर त्या कार्डाची चिनी प्रत उघडली की दिसतं. कधीकधी विकणाऱ्याला गेम कुठला हेच माहीत नसतं, त्याने फक्त कव्हरवर दिसणारे शब्द टाइप केलेले असतात, तिथे सेटचं नाव उपयोगी पडतं.

नावाला जोडायचे दोनतीन शब्द: 'झाझ्झी' म्हणजे मासिक, 'ग्वेइझ' म्हणजे नियम, आणि 'च्वांगखान हाओ' म्हणजे पहिला अंक. पहिल्या अंकाचं तिकडच्या लोकांना प्रचंड वेड, त्यामुळे तो शब्द असला की किंमत आपोआप चढलेली असते. 'ज्युएबान' म्हणजे छपाई बंद झालेलं, हे प्रत्येक दुसरा विक्रेता लिहितो, मनावर घेऊ नका. आणि 'गूबेन', म्हणजे जगातली एकमेव प्रत, हे जर दोन हजार तीनच्या मासिकावर लिहिलेलं दिसलं तर हसा आणि पुढे जा.

ते पुस्तक खरंच होतं का हे आधी बघा

विकत घ्यायच्या आधी लायब्ररी. तैवानची राष्ट्रीय लायब्ररी तैपेईत आहे आणि तिचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, बीजिंगच्या नॅशनल लायब्ररीचाही आहे, हाँगकाँगच्या सार्वजनिक लायब्ररींचाही. वर्ल्डकॅट, म्हणजे जगभरच्या लायब्ररींचा एकत्र कॅटलॉग, तर आहेच. शिवाय दोउबान म्हणून मेनलँडची साइट आहे, २००५ पासूनची, तिथे लोकांनी पुस्तकांची पानं बनवलेली असतात, कव्हर आणि प्रकाशकाचं नाव पटकन मिळतं. मासिकांचं मात्र दोउबानवर अर्धवट असतं, त्यावर विसंबू नका.

आणि लायब्ररीत नाही म्हणजे दुर्मिळ असं अजिबात नाही. नियमांची पुस्तिका, पत्रक, पोस्टर हे कुठल्याच लायब्ररीत जमा होत नाही, त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, नसतो. तिथे पुरावा म्हणजे फक्त दुसरी प्रत, म्हणून दिसेल त्या प्रत्येक लिस्टिंगचा फोटो सेव्ह करा, घ्यायचं असो वा नसो. लिस्टिंग उडते, फोटो राहतो.

कॉपीराइटचं पान वाचायला शिका

हे या छंदातलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य आहे आणि त्याला चिनी यावं लागत नाही. कव्हर सुंदर असेल नसेल, आधी हे पान बघायचं. मेनलँडच्या पुस्तकात ते बहुतेक वेळा सुरुवातीला टायटल पानाच्या मागे असतं, तैवानच्या पुस्तकात बऱ्याचदा शेवटी.

पहिलं, लिपी. गेमच्या मेनलँड नावातलं पहिलंच अक्षर बघा. सरलीकृत लिपीत ते फक्त तीन रेघांचं आहे, एक आडवी आणि खाली दोन वाकड्या. पारंपरिक लिपीत तेच अक्षर गच्च भरलेलं, वर गवतासारखी टोकं आणि खाली चौकट. एवढ्यावरून मेनलँड की तैवान हाँगकाँग हे एका नजरेत कळतं. पुस्तक उजवीकडून उघडत असेल आणि ओळी वरून खाली जात असतील तर बहुधा तैवान किंवा हाँगकाँग.

दुसरं, आयएसबीएन. मेनलँडचा नंबर ७ ने सुरू होतो, तैवानचा ९५७ किंवा ९८६, हाँगकाँगचा ९६२ किंवा ९८८, सिंगापूरचा ९८१ किंवा ९९७१, मलेशियाचा ९६७ किंवा ९८३. १ जानेवारी २००७ च्या आधी आयएसबीएन १० आकडी होता, नंतर पुढे ९७८ लागून १३ आकडी झाला. आता इथे लोक हमखास गोंधळतात: बारकोडच्या खाली ९७८ ने सुरू होणारे १३ आकडे नव्वदीच्या पुस्तकांवरही असतात, ते चालतं. बघायचं काय तर "आयएसबीएन" असं छापलेली जी ओळ आहे तिच्यात १९९८ च्या पुस्तकात १० आकडे हवेत. तिथे १३ असतील तर ती नंतरची छपाई आहे, कव्हरवर काहीही लिहिलेलं असो.

तिसरं, साल. मेनलँडला इसवी सन, बरेचदा आपल्याला वाचता येतील अशा आकड्यांत, पुढे आवृत्ती कितवी आणि छपाई कितवी हे वेगवेगळं दिलेलं असतं, आणि नशीब चांगलं असेल तर किती प्रती छापल्या तेही. तैवानमधे मात्र मिंगुओ साल, म्हणजे १९१२ पासून मोजलेलं, त्यात १९११ मिळवायचे. आणि ते आकडे चिनी अक्षरात असू शकतात. घाबरू नका, एक म्हणजे एक आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन, दहा म्हणजे सरळ आपलं अधिकचं चिन्ह. आठ म्हणजे दोन तिरक्या रेघा एकमेकींपासून लांब जाणाऱ्या, सहा म्हणजे वर टिंब, मधे आडवी रेघ, खाली दोन पाय. आता पानावर आठ, अधिक, सहा असं ओळीने दिसलं तर ते ८६, अधिक १९११, म्हणजे १९९७. बास, एवढंच. बाकीचे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

मासिकांचं थोडं वेगळं. मेनलँडच्या अधिकृत मासिकाला आयएसएसएन (मासिकांचा आंतरराष्ट्रीय नंबर) शिवाय सीएन हा चीनचा नोंदणी नंबर असतो, त्यातले पहिले दोन आकडे प्रांताचे, ११ म्हणजे बीजिंग, ३१ शांघाय, ४४ ग्वांगडोंग. पण तिकडे मासिकाचं लायसन्स मिळणं अवघड, म्हणून भरपूर गेमिंग मासिकं पुस्तकाचा नंबर घेऊन निघायची, दिसायला मासिक, कागदोपत्री पुस्तक. त्यामुळे अंकावर सीएन नाही आणि आयएसबीएन आहे म्हणून डुप्लिकेट समजू नका. उलट असल्या गोष्टी लायब्ररीच्या मासिक विभागात सापडत नाहीत, पुस्तकात शोधाव्या लागतात, आणि म्हणूनच लोकांच्या नजरेतून सुटतात.

घ्यायचं कुठून

मेनलँडच्या जुन्या पुस्तकांची राजधानी म्हणजे कोंगफूझ ही साइट, २००२ पासून चालू आहे, देशभरातले रद्दीवाले आणि जुन्या पुस्तकांची दुकानं एका जागी. तिथे प्रतीची अवस्था दहापैकी दिलेली असते, दहा म्हणजे कोरी, साडेनऊ, नऊ, साडेआठ अशी उतरत. माझा अनुभव असा की विक्रेत्याचं नऊ म्हणजे आपलं आठ धरावं. विकल्या गेलेल्या प्रतींचे भावही तिथे बघता येतात, आणि भाव ठरवायला तोच एक आधार, आज मागितलेली किंमत ही फक्त इच्छा असते. घरगुती माल श्यानयू वर, अलीबाबाचं सेकंडहँड अ‍ॅप, तिथे एखाद्याने हॉस्टेलमधला जुना खोका विकायला काढलेला असतो आणि त्याला पुस्तिकेची काही किंमत वाटत नसते. तिथे "बाओयोउ" लिहिलं असेल तर पोस्टेज फुकट, पण ते मेनलँडच्या आत, तुमच्या ठाण्यापर्यंत नाही.

तैवानसाठी रुतेन, याहू तैवानचं ऑक्शन आणि शॉपी या साइटी. अडचण अशी की तिथले बरेच विक्रेते माल जवळच्या सेव्हन इलेव्हनवर पाठवतात आणि गिऱ्हाईक तिथून उचलतं, परदेशी पाठवायला नको म्हणतात. हाँगकाँग आणि सिंगापूरसाठी कॅरोसेल हे सेकंडहँड अ‍ॅप. सिंगापूरला आपली मराठी माणसं भरपूर आहेत, कुणाचा भाचा, कुणाची मावसबहीण तिकडे असतेच, त्यांना सांगून ठेवा, वर्षातून एकदा येताना दोन मासिकं बॅगेत मावतात. फक्त कृपा करून मोठं पोस्टर घडी घालून आणायला सांगू नका.

मेनलँडच्या साइटींवर चिनी मोबाईल नंबर आणि पेमेंटची भानगड असते, म्हणून एजंट लागतो. एजंट आपल्या वतीने घेतो, स्वतःच्या गोदामात ठेवतो, फोटो काढून पाठवतो, मग आपण सगळं एकत्र करून एक पार्सल मागवतो. गोदामातल्या फोटोसाठी थोडे जास्त पैसे मागतात, ते द्या, आणि फोटो कव्हरचा नाही, कॉपीराइटच्या पानाचा आणि मधल्या पानाच्या पिनांचा मागा. एकदा माल चीनबाहेर पडला की परत पाठवणं जवळपास अशक्य. चिनी नववर्षाच्या आसपास, म्हणजे जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, आणि ११ नोव्हेंबरच्या सेलला काहीही मागवू नका, सगळं तुंबलेलं असतं.

विक्रेत्याला काय विचारायचं

ट्रान्सलेट अ‍ॅपमधून जाणारं वाक्य छोटं ठेवा, एका मेसेजमधे एकच प्रश्न. "नीन हाओ" ने सुरुवात करा, तिकडे तेवढा आदर ठेवला की माणूस उत्तर देतो. विचारायचं: कॉपीराइटच्या पानाचा फोटो मिळेल का, पानं कमी आहेत का, आतलं पोस्टर किंवा कूपन कापलेलं आहे का, सीडी असेल तर आहे का, पिना गंजल्यात का, नावं शिक्के आहेत का. कूपनचा मुद्दा हलका समजू नका, त्या काळातल्या मासिकांत शेवटची पानं बक्षिसाच्या फॉर्मची असायची आणि मुलं कात्रीने कापून पाठवायची. अंक पूर्ण दिसतो, पानाचा पाव भाग गायब. मी स्वतः एक शिक्का असलेली प्रत बिनशिक्क्याच्या प्रतीपेक्षा आवडीने घेतो, कुठल्या शाळेजवळच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातली आहे हे कळतं, पण विकायला गेलात तर किंमत कमी येणार हे धरून चला.

डुप्लिकेट

कार्डांची नक्कल सगळ्यांना माहीत आहे, कागदाची पण होते, खास करून पातळ नियमपुस्तिकांची, कारण आठ दहा पानं स्कॅन करून छापणं सोपं. दहा पट भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. काळ्या अक्षराच्या कडेवर धरा. खऱ्या ऑफसेट छपाईत काळं अक्षर एकसंध काळं असतं, कड स्वच्छ. स्कॅन करून छापलेल्यात अक्षराच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात, आणि चित्राच्या ठिपक्यांवर दुसऱ्या ठिपक्यांची जाळी चढून लाटा दिसायला लागतात. एकदा बघितलं की विसरत नाही. "फूयिनबेन" असं लिस्टिंगमधे लिहिलं असेल तर ती फोटोकॉपी आहे आणि विक्रेता प्रामाणिक आहे, वाचायला हवी असेल तर खुशाल घ्या, स्वस्त पडते.

बिनपरवाना गाईडबुकं हा वेगळा प्रकार. कंपनीची परवानगी न घेता कुणीतरी काढलेलं पुस्तक, चित्रं उचललेली, पण छपाई त्याच काळातली. ते डुप्लिकेट नव्हे, त्या काळाचा खरा पुरावा आहे, मी तर मुद्दाम शोधतो.

(जाता जाता: मेनलँडच्या सरलीकृत छपाईत काही कार्डांवरचे सांगाडे बदलून वेगळं चित्र टाकलेलं असतं. मासिकात कार्डाचं चित्र छापलं असेल तर कुठलं चित्र वापरलंय ते बघा, कधी इंग्रजी कार्डावरचं असतं, कधी बदललेलं. असे अंक मी वेगळे काढून ठेवतो.)

भारतात आणताना

नोव्हेंबर २०२० मधे अलीएक्सप्रेससकट ४३ अ‍ॅपवर बंदी आली, तेव्हापासून सरळ मागवण्याचा जुना सोपा रस्ता बंद. एजंट किंवा तैवान, हाँगकाँग, सिंगापूरमार्गे हाच व्यवहार. छापील पुस्तकांवर जुलै २०१९ च्या बजेटपासून ५ टक्के बेसिक कस्टम ड्युटी आहे, पुस्तकांवर जीएसटी नाही. पण पार्सलमधे पुस्तकांबरोबर कार्डं, प्लेमॅट, डबे कोंबले तर हिशोब पार बदलतो, म्हणून कागद वेगळा, कार्डं वेगळी, दोन पार्सलं. बाहेर "जुनी मासिकं, छापील" असं इंग्रजीत स्पष्ट लिहून घ्या, खरी किंमत टाका आणि आत बिल ठेवा. "गिफ्ट" लिहायचं डोकं चालवू नका, पाच हजारांपर्यंतच्या गिफ्टची सवलत डिसेंबर २०१९ मधेच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. पोस्टाने आलेलं मुंबईचं पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून जातं, तिथून पत्र आलं तर घाबरायचं नाही, बिल आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट घेऊन जायचं.

घरी आल्यावर

पार्सल पावसाळ्यात आलं तर आल्याआल्या प्लास्टिकमधून काढा, नाहीतर आतल्या आत घाम धरतं. तैवान हाँगकाँगचा जुना कागद आधीच दमट हवेत वाढलेला, तपकिरी ठिपके असतातच, ते खोडायला जाऊ नका. दोन आठवडे बाकीच्या संग्रहापासून लांब ठेवा, कसर नाही ना बघा. गंजलेली पिन चिमट्याने हळू सरळ करून काढता येते, पण जमत नसेल तर राहू द्या, पान फाटण्यापेक्षा गंज परवडला.

पिशव्या पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या, पीव्हीसी अजिबात नको, शाईला चिकटते. मापाचं लक्ष ठेवा: चिनी १६ खाय म्हणजे साधारण १८५ बाय २६० मिलिमीटर, आपल्या ए४ पेक्षा लहान, आणि मोठं १६ खाय २१० बाय २८५, जवळपास ए४. ३२ खाय १३० बाय १८५ च्या आसपास. ए४ च्या पिशवीत छोटं १६ खाय घातलं की आत सरकत राहतं आणि कोपरे मरतात. मागे आम्लरहित पुठ्ठा, कपाटात सिलिका जेल, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर महिन्याला जेल तव्यावर गरम करून परत. भिंतीला लागून असलेलं कपाट नको.

मग नोंद. एक शीट बनवा: चिनी नाव (दोन्ही लिप्या), रोमन लिपीतला उच्चार, प्रकाशक, गाव, साल, आयएसबीएन किंवा सीएन, पानं, माप, काय जोडलेलं होतं आणि काय आहे, कुठून घेतलं, किती पडलं, आणि मॅजिकवरचा मजकूर कुठल्या पानावर. शेवटचा कॉलम सगळ्यात मोलाचा, कारण तो अजून कुणी नीट केलेला नाही. मोबाईलवरच्या गूगल लेन्सने लेखाचं ढोबळ भाषांतर होतं, उभ्या ओळींमधे ती अडखळते, तेव्हा एकेक स्तंभ वेगळा फोटो काढून द्या. कार्डांची नावं भाषांतरात हास्यास्पद येतात, तिथे मगाशी केलेली नावांची यादी काढायची आणि जुळवायचं. स्कॅन स्वतःसाठी करा, अख्खे अंक नेटवर चढवू नका, अनुक्रमणिका आणि कव्हर दाखवलं तरी समोरचा स्वतःची यादी काढून दाखवतो आणि तुमच्याकडे नसलेले दोन अंक तिथेच कळतात.